अलास्काची क्रूझ: आधी हिमनदी ठरवा, मग जहाज

अलास्काच्या क्रूझची चौकशी सुरू केली की एजंट आधी जहाजाची चित्रं समोर ठेवतो. पोहण्याचा तलाव, पाण्याच्या घसरगुंड्या, नाट्यगृह, ओळीने उपाहारगृहं. हे सगळं क्षणभर बाजूला सारा. या सफरीला आपण जहाज पाहायला जात नाही. समुद्रापर्यंत उतरलेल्या हिमनद्या, त्यांच्या पायथ्याची दाट जंगलं, देवमासे आणि त्या थंड किनाऱ्यावर टिकून राहिलेली छोटी गावं पाहायला जातो. म्हणून दोघांनी मिळून ठरवताना क्रम असा ठेवावा: आधी हिमनदी, मग महिना, मग मार्ग, आणि जहाज सर्वांत शेवटी. क्रम उलटा झाला तर पैसे तेवढेच जातात आणि ज्यासाठी गेलो ते धुक्याआड राहून जातं.

हिमनदीचा दिवस

बहुतेक फेऱ्या सात रात्रींच्या असतात आणि आग्नेय अलास्काच्या किनाऱ्याने जातात. मुख्य भूमी आणि तिच्यासमोरची असंख्य बेटं यांच्यामधून जी आडोशाची जलवाट आहे, तिला इनसाइड पॅसेज म्हणतात. केचिकन, जुनो आणि स्कॅगवे ही बंदरं बहुतेक फेऱ्यांमध्ये असतात. खरा फरक पडतो तो एका दिवसाचा. त्या दिवशी जहाज कुठल्याच धक्क्याला लागत नाही, ते हिमनदीसमोर जाऊन थांबतं. त्या एका दिवसासाठी आपण इतक्या लांब गेलेलो असतो, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत त्या तारखेसमोर काय छापलंय ते नीट वाचा. ‘निसर्गरम्य जलप्रवास’ एवढंच मोघम लिहिलं असेल, तर हिमनदीचं नाव लेखी मागून घ्या.

पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला मी ग्लेशियर बे सुचवेन. हे अमेरिकेचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९२ पासून जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते. उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे पाण्यावर गर्दी नसते. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. त्यांचं बोलणं चुकवू नका, कारण इथली कथा नुसती बर्फाची नाही. कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या नौका १७९४ मध्ये इथे आल्या, तेव्हा आज जिथे उपसागर आहे तिथे जवळजवळ तोंडापर्यंत बर्फ भरलेला होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कितीतरी मागे सरकला होता, आणि १९१६ पर्यंत तो मुखापासून शंभरेक किलोमीटर आत गेला. त्याआधी हीच हिमनदी पुढे सरकत आली होती आणि तिने हूना ट्लिंगिट लोकांना त्यांच्या वस्त्यांमधून बाहेर ढकललं होतं. त्यांचं कुळघर बार्टलेट कोव्हच्या काठावर पुन्हा उभं राहिलं ते २०१६ मध्ये. आपण ज्याला रिकामा निसर्ग समजून बघतो, ते कुणाचं तरी गाव होतं, हे रेंजरच्या तोंडून ऐकल्यावर समोरचा किनारा वेगळा दिसू लागतो.

उपसागराच्या टोकाला मार्जरी हिमनदी आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, समुद्राकडचं तोंड दीडेक किलोमीटर रुंद, आणि पाण्यावर दिसणारी उंची ७५ मीटरच्या घरात. तिच्या शेजारची ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीने इतकी माखलेली आहे की अनेकांना ती काळी टेकडीच वाटते. तिच्याकडे पाठ फिरवू नका. जिने अख्खा उपसागर कोरून काढला, ती हीच. हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या ग्लेशियर बेमध्ये जातात, पण सगळ्या नाही. तुमच्या तारखेची खातरजमा करूनच पैसे भरा.

दुसरा पर्याय हबर्ड. ही उत्तर अमेरिकेतली समुद्राला मिळणारी सर्वांत मोठी हिमनदी, १२० किलोमीटरहून अधिक लांब. जगभरातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. मात्र तिच्या समोरच्या खाडीत तरंगता बर्फ खूप असतो आणि त्या दिवशी किती जवळ जायचं ते कॅप्टन ठरवतो. कधी अगदी समोर, तर कधी कित्येक किलोमीटर लांबून. तिसरा पर्याय जुनोच्या दक्षिणेकडच्या चिंचोळ्या फ्योर्डांचा, म्हणजे समुद्रात बुडालेल्या हिमनदीच्या दऱ्यांचा. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे, आणि टोकाला हिमनदी. यातल्या ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उसळली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी शेजारच्या एंडिकॉट आर्मचा रस्ता धरला. तुमच्या जुन्या माहितीपत्रकात ट्रेसी आर्म छापलेलं असेल तर आताचा मार्ग विचारा. एंडिकॉटच्या टोकाची डॉज हिमनदी मोठ्या जहाजावरून बऱ्याचदा लांबूनच दिसते. जहाजावरून निघणाऱ्या छोट्या बोटीची सहल घेतली तर तिच्या पुष्कळ जवळ जाता येतं, आणि त्या जागी ती घेण्यासारखी आहे.

हिमनदी बघायची कशी, हेही सांगायला हवं. जहाज उद्यानात शिरतं तेव्हा बहुतेक लोक नाश्त्यात असतात. तुम्ही त्याआधी कपडे चढवून डेकवर जा. हिमनदीसमोर जहाज साधारण तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू फिरतं, त्यामुळे डावीकडची खोली की उजवीकडची यावर डोकं शिणवायची गरज नाही. बर्फाचा निळा रंग हा प्रकाशाचा खेळ असतो: हजारो टन दाबाखाली हवा निघून गेलेला घट्ट बर्फ तांबड्या बाजूचा प्रकाश शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर पडतो. ढगाळ दिवशी तो अधिक गडद दिसतो. सूर्य नाही म्हणून हिरमुसू नका. कडा कोसळतो तेव्हा आवाज येईपर्यंत बर्फ पाण्यात पडून गेलेला असतो, कारण आवाज एक-दोन सेकंद मागून येतो. म्हणून आवाजाच्या दिशेने मान वळवत बसण्यापेक्षा एकच भेगाळलेला भाग निवडून त्यावर नजर ठेवा. जिथून बारीक बर्फ घसरतोय, पक्षी घिरट्या घालतायत, तिथे मोठा कडा सुटण्याची शक्यता जास्त. एकाने फोन धरावा आणि दुसऱ्याने नुसत्या डोळ्यांनी बघावं. थोड्या वेळाने अदलाबदल करा. दोघंही पडद्यात डोकावत राहिलात, तर दोघांनाही मिळेल ते घरी बघता येणारं चित्रच.

कोणता महिना

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो. मे महिना मला सर्वांत आवडतो. डोंगरांवर अजून बर्फ असतो, पाऊस तुलनेने कमी, भाडं कमी, डास जवळपास नाहीत. जूनमध्ये जुनोला रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही आणि पहाटे चारच्या सुमाराला पुन्हा उजाडतं. खोलीचे जाड पडदे नीट लावल्याशिवाय झोप लागत नाही, पण डेकवर फिरायला दिवस संपता संपत नाही. तरंगत्या हिमखंडांवर सीलची पिल्लं दिसतात ती याच दिवसांत. त्यांना त्रास होऊ नये म्हणून ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असते. जुलै उबदार, महाग आणि गर्दीचा. ऑगस्टमध्ये पाऊस वाढतो, पण सामन मासे अंडी घालायला ओढ्यांमधून वर चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात. ज्यांना अस्वल बघायचंच आहे, त्यांनी हा महिना धरावा. सप्टेंबरमध्ये भाडं उतरतं, हवा बिघडते, आणि आभाळ मोकळं असलं तर उत्तर प्रकाशाची शक्यता असते. केवळ उत्तर प्रकाशासाठी मात्र ही क्रूझ घेऊ नका. या किनाऱ्यावर आभाळ मोकळं असेल याचा भरवसा नाही.

उन्हाळ्यातही तापमान साधारण १० ते १८ अंशांमध्ये असतं आणि हिमनदीसमोर वारा सुटला की त्याहून बरंच थंड वाटतं. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे न्या: आत थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचं जाकीट, आणि सर्वांत वर पाणी आत न शिरणारं टोपीचं जाकीट. पायात पाणी न शिरणारे बूट, कानटोपी, हातमोजे. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी असावी, हे मी आग्रहाने सांगतो. देवमाशाची शेपटी पाण्यावर येते ती दोन-तीन सेकंद. ‘दे की मला’ म्हणेपर्यंत ती आत गेलेली असते.

मार्ग आणि खोली

जहाजं मुख्यतः व्हँकूव्हर किंवा सिएटलहून सुटतात. व्हँकूव्हरहून निघणारं जहाज सुरुवातीपासूनच बेटांच्या आडोशाने जातं. पाणी शांत, दोन्हीकडे डोंगर. सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. तिथे जहाज हलतं. ज्याला बस लागते त्याने याचा विचार आधी करावा. आल्याच्या वड्या खिशात असू द्या, आणि गोळी कोणती चालेल ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं सुरू असतील तर. तिसरा प्रकार एकेरी फेरीचा: व्हँकूव्हरहून निघून अँकरेजजवळच्या व्हिटियर किंवा सूअर्ड बंदरात उतरायचं, किंवा उलट. यात अलास्काचं आखात, म्हणजे पुन्हा खुला समुद्र, ओलांडावा लागतो. पण पुढे रेल्वेने देनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाता येतं. ६,१९० मीटरचं देनाली हे उत्तर अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर. हाताशी दोन आठवडे असतील तर हाच मार्ग घ्या. एकाच आठवड्यात क्रूझ आणि देनाली दोन्ही कोंबायला जाऊ नका.

या सफरीसाठी बाल्कनीची खोली घ्यावी असं माझं ठाम मत आहे. बाकी कुठे पैसे वाचवा, इथे नको. उबदार समुद्रातल्या क्रूझवर खोली झोपण्यापुरती लागते. इथे मात्र पहाटे, जेवणानंतर, मधल्या रिकाम्या तासात, दार उघडलं की किनारा समोर असतो. ब्लँकेट पांघरून दोघांनी चहा घेत बसावं अशी ती जागा आहे, आणि जोडीने जाण्याचं खरं सुख तिथेच मिळतं. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी जाणवतात. नाट्यगृहाच्या किंवा स्वयंपाकघराच्या लगतची खोली टाळा. एकेरी फेरीत मात्र बाजू महत्त्वाची ठरते: उत्तरेकडे जाताना उजवी, दक्षिणेकडे येताना डावी.

ज्यांना जहाजावरचा थाट नको आणि वेळ भरपूर आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. अलास्का राज्याची प्रवासी फेरी सेवा वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून याच इनसाइड पॅसेजमधून जाते. गावातली माणसं आपल्या मोटारी, सामानसुमान घेऊन तिच्यातून ये-जा करतात. सोय साधी असते, पण किनारा तोच. तिशीतल्या उत्साही जोडप्यांनी तिचा जरूर विचार करावा.

बंदरांमध्ये काय करावं

प्रत्येक बंदरात एक महागडी सहल घेण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा: सबंध सफरीत एकच मोठी सहल, ज्यावर दोघांचं एकमत होईल. बाकी बंदरांमध्ये पायी फिरा. आणि एखाद्या बंदरात एकाला देवमासे बघायचे असतील, दुसऱ्याला गुडघ्यांमुळे बोटीत चढायचं नसेल, तर त्या दिवशी वेगवेगळं जा. सात दिवस सतत बरोबर असताना चार तास वेगळे काढले, तर संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असतं.

ती मोठी सहल जुनोला घ्यावी. जुनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरच्या जगाशी तिला जोडणारा रस्ता नाही. तिथे विमानाने नाहीतर जहाजानेच जावं लागतं. हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात पोट भरायला इथे येतात. कधी पाच-सात देवमासे मिळून माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचं कडं तयार करतात आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. हे दिसेल याची हमी कुणीही देत नाही. जो देईल त्याच्याकडून तिकीट घेऊ नका. कायद्याने बोटीला देवमाशापासून शंभर यार्ड लांब राहावं लागतं, तेव्हा ‘अजून जवळ घ्या’ असं नावाड्याला म्हणायचं नाही. या सहलीला माणशी दीडशे ते दोनशे डॉलरच्या आसपास पडतात. मोठ्या बोटीपेक्षा कमी माणसांची बोट बरी. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याची सहल याहून कितीतरी महाग असते आणि हवा बिघडली की रद्द होते. ती घ्यायची तर इतर सगळ्यावर काट मारून घ्या. शहरापासून वीसेक किलोमीटरवरची मेंडेनहॉल हिमनदी बसने बघता येते. समोरचा नगेट धबधबा अगदी जवळून दिसतो, वाटही सपाट आहे. हिमनदी मात्र दरवर्षी मागे सरकते आहे, आणि दर्शन केंद्रातून ती आता पूर्वीइतकी जवळ दिसत नाही.

केचिकनला पाऊस गृहीत धरा. रत्नागिरीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा पडतो, त्याहून थोडा अधिकच, सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस तिथे वर्षभरात पडतो. फरक इतकाच की तो बारीक, थंड आणि बारमाही असतो. इथे बघायचे ते टोटेम खांब: सॅक्समन गावात, टोटेम बाइटमध्ये आणि गावातल्या टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये. आपल्याकडचे लोक त्यांना देवाच्या मूर्ती समजतात. ते पूजेसाठी नसतात. कुळाची चिन्हं, पूर्वजांच्या कथा, कुणाचं स्मरण, क्वचित कुणाची न फेडलेली देणी, असं सगळं त्यांवर कोरलेलं असतं. जाणकार वाटाड्या घेतला तर एका खांबासमोर अर्धा तास कसा जातो कळत नाही. काही मोठी जहाजं गावात न लागता वॉर्ड कोव्ह इथल्या धक्क्याला लागतात आणि तिथून बसने गावात यावं लागतं. सिटकालाही बहुतेक मोठ्या जहाजांचा धक्का गावाबाहेर आहे. चालण्याचा त्रास असणाऱ्यांनी धक्का कुठे आणि कुठे छोट्या बोटीतून उतरावं लागतं, हे आधी विचारून घ्यावं.

सिटका कार्यक्रमात असेल तर नशीब समजा. रशियाच्या ताब्यातल्या अलास्काची ही राजधानी. १८ ऑक्टोबर १८६७ रोजी इथेच रशियाचा झेंडा उतरला आणि ७२ लाख डॉलरना विकत घेतलेल्या या मुलखावर अमेरिकेचा झेंडा चढला. सेंट मायकेलचं रशियन चर्च आणि समुद्राकाठच्या जंगलातली टोटेम खांबांची पायवाट, एवढं पायी निवांत होतं.

स्कॅगवे हे सोन्याच्या वेडाचं गाव. १८९६ मध्ये क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं इथून डोंगर चढून कॅनडाकडे गेली. सरहद्दीवरचे कॅनडाचे पोलीस वर्षभर पुरेल इतकी शिधासामग्री असल्याशिवाय पुढे सोडत नसत. ती सगळी पाठीवरून, अनेक खेपा करून वर न्यावी लागे. व्हाइट पासच्या वाटेवर सुमारे ३,००० घोडे मेले. १८९८ ते १९०० या काळात त्याच डोंगरातून तीन फुटी अरुंद रूळ टाकले गेले. आज त्या गाडीत बसून ३२ किलोमीटरमध्ये ८५० मीटरहून अधिक चढण चढता येते. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी या किनाऱ्यावरची सर्वांत चांगली सहल हीच. जाताना डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर दरी दिसते.

सहल जहाजाच्या कंपनीकडून घेतली तर उशीर झाला तरी जहाज थांबतं. बाहेरच्या स्थानिक माणसाकडून घेतली तर बहुधा स्वस्त आणि कमी गर्दीची, पण वेळेवर परतायची जबाबदारी आपली. अलास्काची वेळ व्हँकूव्हर-सिएटलच्या एक तास मागे आहे. फोनवर विसंबू नका, मनगटावर जहाजाची वेळ लावलेलं घड्याळ ठेवा. धक्क्यासमोरची दागिन्यांची चकचकीत दुकानं अलास्काची नसतात, त्यातली पुष्कळ हंगामापुरती उघडतात. आठवण म्हणून काही घ्यायचं तर मूळ रहिवाशांच्या हातच्या कामावर ‘सिल्व्हर हँड’चा शिक्का असतो, तो बघून घ्या.

जेवण, पैसे, फोन

शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच कळवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या व्यवस्थापकाला भेटा. मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण सांगून मिळतं, जैन जेवणही आधी कळवल्यास करतात. पिढ्यान्‌पिढ्या गोव्याची माणसं जहाजांवर नोकरीला आहेत. स्वयंपाकघरात किंवा जेवणघरात त्यांच्यापैकी कुणी भेटण्याचा संभव चांगला असतो, आणि आपुलकीने विचारलंत तर वरणभाताची सोय कशी होईल ते तेच सांगतील. घरचं भडंग, चकल्या, लाडू बंद पाकिटात न्या. विजेची किटली आणि इस्त्री खोलीत चालत नाही. फळं किंवा जेवणघरातलं काही पिशवीत घालून किनाऱ्यावर नेऊ नका, सीमाशुल्काचे नियम कडक आहेत. टेबल दोघांचंच हवं असेल तर तसं मागा, नाहीतर अनोळखी लोकांबरोबर बसवतात. अर्थात एखाद्या रात्री तसंही बसून बघा.

जाहिरातीतलं भाडं एका खोलीत दोघं धरून माणशी असतं, ते बघून लगेच हुरळू नका. त्यावर कर्मचाऱ्यांची बक्षिसी साधारण १६ ते २० डॉलर दर माणशी दर दिवशी लागते. पेयं, इंटरनेट आणि सहली वेगळ्या. भारतातून टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस कापला जातो. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. जहाजावरचा दवाखाना महाग आहे आणि तिथून हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च आवाक्याबाहेर जातो. क्रूझ आणि तातडीच्या वैद्यकीय वाहतुकीचा स्पष्ट उल्लेख असलेला विमाच घ्या. रोजची औषधं चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला पहिल्या दिवशी संध्याकाळ होते.

जहाजावर चढताच फोन विमान-मोडवर टाका. अमेरिका-कॅनडाचा रोमिंग पॅक जहाजाच्या उपग्रही नेटवर्कला बहुधा लागू होत नाही, आणि नकळत आलेल्या दोन-चार कॉलचं बिल डोळे पांढरे करतं.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी जहाजाच्या किमान दोन दिवस आधी बंदराच्या शहरात पोहोचावं. वेळेचा फरक साडेबारा तासांचा आहे, वाटेत विमान बदलावं लागतं, आणि सुटण्याच्या दिवशी जहाज कुणासाठी थांबत नाही.

व्हिसा

सर्वांत जास्त जोडपी अडखळतात ती इथे. सिएटलमध्ये किंवा बे एरियात मुलांकडे गेलेले आई-वडील बघा: अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, मग आणखी काय लागणार, असं त्यांना वाटतं आणि मुलं हौसेने तिकीट काढून मोकळी होतात. पण १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत आणायचे असतील, तर वाटेत परक्या देशाचं बंदर लागलंच पाहिजे. जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. त्यामुळे सिएटलची फेरी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, बहुतेक वेळा संध्याकाळचे काही तास. तुम्ही खाली उतरणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा मागतात, आणि तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच तुम्हाला जहाजावर चढू देत नाहीत. व्हँकूव्हरहून निघणाऱ्यांना तर दोन्ही लागतातच, आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असावा. ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयांना कॅनडासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. एच-१बी वर असलेल्यांना मात्र लागतो. स्कॅगवेची गाडी फक्त घाटमाथ्यापर्यंत जाऊन परतणार असेल तर अडचण नाही. फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणारी सहल मात्र कॅनडात शिरते, हे लक्षात असू द्या.

कॅनडाच्या व्हिसाला बोटांचे ठसे द्यावे लागतात, पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवावा लागतो, आणि उन्हाळ्याआधी अर्जांची गर्दी असते. तेव्हा पुढच्या हंगामाचा विचार असेल तर आज दोघांचे पासपोर्ट काढा, परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत शिल्लक राहते का ते बघा, आणि कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज भरा. जहाजाची आगाऊ रक्कम त्यानंतर.